बोलायच्या चपला

जरा डोळे मिटा बरं. मिटलेत? आता असं समजा, की तुम्ही एका घरात जमिनीवर पोटावर पडून शुद्धलेखन लिहीत आहात. दुपार कलली आहे. अंगणात नळाखाली बादली भरते आहे. आणि तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज येतो, चट्, चट्, चट्. रबरी चपलांचा आवाज. तुमची पेन्सिल आपोआप थांबते. स्वयंपाकघरातला झारा थांबतो. बाहेर वर्तमानपत्राची घडी घालणारे हात थांबतात. कारण या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, त्या चपला वाजल्या म्हणजे आत्या आता बोलणार.

हो, आत्या चपला घातल्याशिवाय बोलत नसे. गंमत नाही करत मी, खरंच सांगतो.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा, कळफलकावर बोटं टपटप पडायची आणि कॉम्प्युटरच्या शेजारच्या छोट्या स्पीकरमधून एक खणखणीत, सुरेल आवाज घरभर घुमायचा:

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. जेवणाची गाडी फलाटावर लागलेली आहे.”

“आलो, आलो!” बाबा ओरडायचे. “ताई, गाडी दोन मिनिटं थांबव, हात धुतो.”

“उशिरा येणाऱ्या प्रवाशांची जबाबदारी घेतली जाणार नाही.”

आणि मधल्या खोलीत पोटावर पडलेली ती मुलगी, जिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरतच नसे, ती खुदकन हसायची.

आत्याची सगळी नोकरी एसटी स्टँडवर गेली. तिकीट-खिडकीच्या वर एक काचेची खोली होती, कपाटाहून थोडी मोठी. तिथे माईकसमोर बसून ती गाड्या पुकारायची. कुठली गाडी कुठे लागली, कुठली सुटली, कुणाचं मूल हरवलंय, कुणाची पिशवी सापडलीय. सगळं गाव तिचा आवाज ओळखायचं आणि चेहरा मात्र कुणी ओळखायचं नाही. बाजारात भाजी घेताना ती “पाव किलो द्या” म्हणाली, की भाजीवाली दचकून इकडेतिकडे बघायची, जणू गाडी सुटते आहे. इतक्या गावांच्या गाड्या पुकारल्या, पण आत्या स्वतः त्यांतल्या एकाही गावाला गेली नव्हती. “मी गेले तर पुकारणार कोण?” असं तिचं उत्तर असे.

मग तिच्या घशात काहीतरी वाढलं. डॉक्टर म्हणाले, माणूस वाचेल, आवाज वाचणार नाही.

शस्त्रक्रियेच्या आधी काही दिवस हातात होते. स्टँडवरच्या एका मैत्रिणीची मुलगी कॉम्प्युटरचं शिकलेली. ती म्हणाली, “मावशी, तुम्ही भरपूर बोलून ठेवा. मी ते साठवते. पुढे तुम्ही टाइप करायचं, आणि तुमचाच आवाज बोलेल. जे वाक्य साठवलेलं असेल ते सरळ बोलेल, आणि नसेल ते तुकडे जोडजोडून.”

आत्या रोज पाळी संपल्यावर त्या काचेच्या खोलीत दार लावून बसू लागली. आई म्हणाली होती, “वन्सं, घरातलं बोला. ये, बस, जेवलीस का, निजा आता, असलं.” पण माईक समोर आला, की आत्याच्या तोंडून तेच यायचं जे आयुष्यभर येत आलं होतं. लक्ष द्यावे. गाडी लागलेली आहे. गाडी रद्द झालेली आहे. घाबरून जाऊ नये. घरातलं असं एकच वाक्य त्या सगळ्यात होतं, आणि तेही चुकून. भिंगरी तेव्हा लहान होती, डबा द्यायला आईबरोबर वर आली आणि माईकच्या तारेकडे धावली. तेव्हा आत्या ओरडली होती: “भिंगरे, हात लावू नकोस!” यंत्र चालूच होतं. ते वाक्य तसंच साठवलं गेलं.

म्हणून आता आत्याला भाचीला हाक मारायची झाली, की तेच वाक्य वाजायचं. शाळेतून आली, भिंगरे, हात लावू नकोस. पाणी दे, भिंगरे, हात लावू नकोस. वाढदिवसालासुद्धा तेच. आवाजात मात्र त्या दिवशीची सगळी घाई आणि सगळी माया होती, आणि भिंगरीला ते वाक्य आपल्या नावासारखंच वाटायचं.

कॉम्प्युटरच्या बाबतीत ते वाक्य खरंही होतं. त्याचा तो मोठा पत्र्याचा डबा चावायचा. अनवाणी पायांनी त्याला बोट लावलं, की बोटातून मुंग्या सळसळत कोपरापर्यंत जायच्या. चपला घातल्या की मुंग्या नाहीत. बाबांनीच तो शोध लावला होता आणि त्यांना त्याचा अभिमान होता. बाजारातून त्यांनी आत्यासाठी निळ्या पट्ट्यांच्या जाड रबरी चपला आणल्या. “ताई, या तुझ्या बोलायच्या चपला!” घरात बाकी सगळ्यांच्या चपला दाराबाहेर रांगेत, आत्याच्या मात्र आत, खुर्चीपाशी.

*

एक दिवस आत्या गाडी पुकारत होती. सकाळची वेळ, बाबांना कामावर पिटाळायचं होतं. “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. कामावर जाणारी गाडी फलाटावर लागली आ—”

दिवा एकाएकी पांढराफटक झाला. पंखा वेड लागल्यासारखा फिरला. मग फट् असा आवाज, जळक्या रबराचा वास, आणि सगळं चिडीचूप.

वाक्य ‘आ’ वरच तुटलं होतं. आत्याची बोटं कळफलकावर तशीच राहिली.

त्यानंतरचे काही दिवस भिंगरी कधी विसरली नाही. आत्या पाटीवर लिहायची. पण पाटी कितीही मोठी असली तरी तिला हाक मारता येत नाही. कुणी तिच्याकडे बघितलं तरच ती ‘बोलणार’. दोन दिवसांत आत्यानं पाटीसुद्धा खाली ठेवली. जेवायला बोलवायचं काम आईकडे आलं आणि आई नुसतं “चला” म्हणायची. बाबा हात न धुताच बसायचे.

दुरुस्तीवाला आला. जळालेला भाग बदलला, कॉम्प्युटर चालू झाला, आणि सगळ्यांनी श्वास सोडला. पण तो दोन डिस्क हातात घेऊन गंभीरपणे म्हणाला, “आवाज ह्या एकीत होता आणि त्याची नक्कल ह्या दुसरीत. बरोबर? नक्कल शेजारीच लावून ठेवली होती तुम्ही. ती गेली. मूळ थोडक्यात वाचलंय.”

“मग दुसरी नक्कल करा की लगेच!” बाबा म्हणाले.

“करतो. नवी डिस्क मागवली आहे, ती आली की येतोच. पण दादा, तोवर आणि त्याच्याही आधी एक काम करा. घरात अर्थिंग आहे का ते वायरमनकडून बघून घ्या. पुन्हा असा दणका बसला आणि मूळही गेलं, तर मी काय, कुणीच काही करू शकणार नाही.”

आत्यानं हळूच तो पत्र्याचा डबा चादरीनं झाकला. जसं झोपलेल्या माणसाला पांघरूण घालतात तसं.

*

वायरमन आला तो शीळ घालत. उंच, किडकिडीत माणूस, शर्टाच्या खिशात टेस्टर आणि कानामागे विडीऐवजी पेन्सिल. त्यानं आतल्या खोलीतल्या बोर्डाला टेस्टर लावला, डब्याच्या पत्र्याला लावला, तर टेस्टरमधला लाल ठिपका मंद उजळला. “अरेच्चा,” तो म्हणाला. मग भिंतीभिंतीनं तारेचा माग काढत अंगणात गेला. नळाच्या वर भिंतीतून एक लोखंडी पट्टी बाहेर आली होती आणि हुकासारखी वर वळवलेली होती. तिला आईची बादली अडकवलेली.

वायरमननं बादली काढून बाजूला ठेवली आणि कमरेवर हात ठेवून घराकडे बघितलं.

“दादा,” तो म्हणाला, “तुमच्या घराला अर्थच नाही.”

भिंगरी दारातच उभी होती.

“असं कसं?” बाबा म्हणाले. “बांधलं तेव्हा होतं.”

“होतं ना. ही पट्टी इथून खाली जमिनीत जायची. मग तुम्ही अंगणात फरशी घातली.”

“घातली.”

“आणि पट्टी फरशीच्या आड येत होती.”

“म्हणजे... थोडी कापली. कशाला लागते, म्हटलं. दोन तारांवर सगळं घर चालतंय. ही तिसरी हिरवी तार जन्मात काही काम करताना दिसली नाही. निव्वळ आळशी.”

“आणि उरलेल्या टोकाचा हुक केलात.”

“हुक चांगला झालाय,” बाबा पुटपुटले.

आता आई पदर खोचून पुढे आली. “अहो, म्हणजे मी इतके दिवस ओरडून सांगत होते, बादली चावते, बादली चावते, ते खरं होतं तर! तुम्ही म्हणत होतात, तुझे हातच थंड आहेत!”

वायरमनला हसू आवरेना. “वहिनी, आतला डबा चावला की त्याचा चावा हिरव्या तारेनं इथवर यायचा. पुढे जायला वाट नाही. मग काय करील? जो पहिला हात लावील त्याला.”

“पण आमच्याकडे यूपीएस आहे,” बाबांनी शेवटचा प्रयत्न केला.

“तो दिवे गेल्यावर दम धरायला. विजेचा लोंढा आला की तोच आधी आडवा होतो. त्या दिवशी खांबावर दोन तारा चिकटल्या होत्या, त्या मी सोडवल्या. पण उद्या आभाळात काही झालं तर तिथं मी शिडी लावणार नाही. हा बोर्ड बघा.” त्यानं पिशवीतून एक पांढरा प्लगबोर्ड काढला, त्यावर बारीकसा हिरवा दिवा होता. “हा दारावरचा राखणदार समजा. लोंढा आला की हा त्याला बकोटीला धरून बाहेर काढतो. पण बाहेर काढायला दार नको? हिरवी तार म्हणजे ते दार. दारच नसलं तर राखणदार आणि चोर दोघं घरातच कुस्ती खेळणार. म्हणून म्हणतो, आधी घराला अर्थ पाहिजे.”

पुढचं भिंगरीनं ऐकलंच नाही. ती धावत आत गेली. मराठीच्या पुस्तकात प्रत्येक धड्याखाली ‘पुढील शब्दांचे अर्थ लिहा’ असं असे, आणि अर्थ नसलेल्या शब्दाला बाई लाल रेघ मारायच्या. तिच्या घरावरच रेघ मारली होती कुणी.

आत्या खुर्चीत बसली होती.

“आत्या, ते काका म्हणतात, आपल्या घराला अर्थच नाही!”

आत्यानं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. पायानं चपला ओढल्या. चट्, चट्. बोटं टपटपली. ‘अर्थ’ हा शब्द स्टँडवर कधी लागला नव्हता, म्हणून यंत्र पहिलीतल्या मुलासारखं अडखळलं, आणि मग पुढचं मात्र झोकात आलं:

“अ... र... थ... रद्द झालेला नाही. उशिराने येत आहे. प्रवाशांनी घाबरून जाऊ नये.”

*

नळाशेजारच्या दोन फरशा उखडल्या. खणायचं काम बाबांनीच मागून घेतलं. कुदळ मारता मारता ते म्हणाले, “पट्टी मी कापली, आता खड्डाही मीच खणणार.” छातीएवढा खोल खड्डा झाला. वर कोरडी, भुरी माती, आणि खाली गेलं तशी काळी, गार, वास येणारी माती. त्यात वायरमननं तांब्याचा लांब दांडा उभा केला, भोवती कोळसा, मीठ, माती असे थर दिले, आणि वर पाणी ओतायला एक नळी ठेवली.

“मीठ कशाला?” भिंगरीनं विचारलं. “लोणचं घालताय का?”

“लोणचंच. जमिनीचं. मीठ ओल धरून ठेवतं, आणि ओल असली की विजेला जायला सोपं.” मग तो खाली बसला आणि तिच्याकडे बघून म्हणाला, “एक गंमत दाखवू? पण लांब उभं राहायचं. ती फरशी आहे ना, तिच्या अलीकडे यायचं नाही. आणि मी करतो ते तू कधी करायचं नाही.”

(तुम्हीही नाही हं, बाळांनो. हे वायरमनचं काम. आपलं काम बघायचं.)

त्यानं फडक्यात गुंडाळलेला एक जुना, पिवळ्या उजेडाचा काचेचा बल्ब काढला. त्याला दोन तारा होत्या. एक तार त्यानं घरातल्या विजेला जोडली आणि दुसरी त्या तांब्याच्या दांड्याला. दांड्याची तार अजून घराला जोडलेली नव्हती, ती नुसती जमिनीत गेली होती. बस. मातीत.

“वीज एका तारेनं येते, दुसरीनं परत जाते. हे शाळेत शिकवलं?”

“शिकवलं.”

“मग हा पेटेल?”

भिंगरीनं नीट बघितलं. येणारी तार होती. परत जाणारी नव्हती. “नाही पेटणार.”

त्यानं बटण दाबलं.

बल्बच्या आत तार लालसर झाली. चुलीतला निखारा विझत आला की असतो तशी. पण ती झाली. कुठल्याही परतीच्या तारेशिवाय.

आत्या आता दारात येऊन उभी होती.

वायरमननं बटण बंद केलं. “आता तांब्याभर पाणी आण आणि या नळीत ओत.” तिनं ओतलं. पाणी गुडगुड करत खाली गेलं. “आणखी. आता लांब हो. त्याला मुरू दे.” ते सगळे उभे राहिले, एखाद्या तान्ह्या मुलाला ढेकर यायची वाट बघावी तसे. मग त्यानं पुन्हा बटण दाबलं.

बल्ब लख्ख पेटला.

अंगणाच्या भिंतीवर सगळ्यांच्या सावल्या उमटल्या, भर दिवसा. आईचा हात तोंडावर गेला. बाबा कुदळ टेकून उभे होते ते तसेच.

“पण परतीची तार कुठं आहे?” भिंगरीचा आवाज कुजबुजल्यासारखा आला.

“तुझ्या पायाखाली.”

तिनं पाय उचलला आणि खाली बघितलं.

“सगळी जमीनच परतीची तार,” वायरमन म्हणाला, आणि आता तो हसत नव्हता. इतकी वर्षं हेच काम करूनही त्याचा आवाज जरा हळू झाला होता. “तिकडे चौकाच्या पलीकडे ट्रान्सफॉर्मर आहे ना, त्याचाही एक पाय असाच जमिनीत रोवलेला आहे. इथली वीज जमिनीत शिरते आणि चालत चालत तिथं पोचते.”

“शाळेच्या खालून?”

“शाळेच्या खालून. बाजाराच्या खालून. स्टँडच्या खालून.”

“आणि कुणाला कळत नाही?”

“कुणाला नाही. इतकी मोठी आहे ती, की एवढ्याशा विजेनं तिला काही होत नाही. आभाळातली कोसळली तरी पिऊन टाकते. तिलाच म्हणतात अर्थ. इंग्रजीत पृथ्वीला अर्थ म्हणतात.”

भिंगरी कितीतरी वेळ त्या उजेडाकडे बघत राहिली. म्हणजे घराला अर्थ नव्हता, कारण घर पृथ्वीला बांधलेलं नव्हतं. पुस्तकातला अर्थ आणि हा अर्थ लिहायला एकसारखाच, आणि बाईंना हे ठाऊक असेल का, असं तिच्या मनात आलं.

वायरमननं सगळी जोडणी केली, राखणदार बोर्ड बसवला, डब्याला पुन्हा टेस्टर लावून दाखवला. ठिपका आता उजळला नाही. जाताना तो म्हणाला, “उन्हाळ्यात जमिनीला तहान लागते. रोज तांब्याभर पाणी घालायचं. कोण घालणार?”

“मी!” भिंगरी म्हणाली.

आत्यानं मात्र त्या दिवशीही चपला घातल्या. सवय म्हणा, धास्ती म्हणा. आणि भिंगरी डब्याच्या जवळ गेली तेव्हा वाक्य आलंच.

*

सुरुवातीला भिंगरी रोज सकाळी तांब्या घेऊन जायची, हळदीकुंकू तेवढं वाहायचं बाकी ठेवायची, असं आई म्हणे. मग शाळेत चित्रांची स्पर्धा आली. मग मैत्रिणीकडे मांजरीला पिल्लं झाली. तांब्या नळापाशी पालथा पडून राहिला.

दुरुस्तीवाल्याचा निरोप आला, नवी डिस्क आली आहे, उद्या येतो.

त्याच दिवशी दुपारी, ऊन रखरखत होतं, डोक्यावर ढगाचा तुकडाही नव्हता. फक्त दूर, डोंगराच्या मागे, काळसर काहीतरी साचलं होतं. आत्या चपला घालून नुकतीच टाइप करायला बसली होती. भिंगरी शेजारी जमिनीवर मांजरीच्या पिल्लांचं चित्र रंगवत होती.

डोंगरापलीकडे कुठेतरी वीज पडली. इथे आधी काहीच ऐकू आलं नाही. फक्त तारांवरून ती धावत आली.

बोर्डामध्ये कडाड् झालं. निळी ठिणगी दिसली, धुराचं एक बारीक वेटोळं वर गेलं. दिवा, पंखा, कॉम्प्युटरचा पडदा, सगळं बंद. आणि मग, जणू कुणाला तरी आता सांगायचं आठवलं, असा दुरून गडगडाट आला.

शेजारच्या घरातून कुणीतरी ओरडलं, “आमचा टीव्ही गेला!” पलीकडून दुसरं, “आमचा फ्रिज!”

आत्या हलली नाही. तिनं दोन्ही हात मांडीवर घेतले होते आणि ती काळ्या पडद्याकडे बघत होती. तिच्या ओठांची हालचाल झाली. आवाज अर्थातच नव्हता. पण भिंगरीला ते शब्द दिसले. लक्ष द्यावे. एवढेच दोन शब्द, पुन्हा पुन्हा.

आणि भिंगरीला एकदम आठवलं. पाणी. तिनं पाणी घातलंच नव्हतं!

ती धावत अंगणात गेली. नळीपाशी गुडघ्यांवर बसली आणि मातीत बोटं खुपसली. कोरडी माती, भुगा, आपलं घर, आत्याचा आवाज, सगळं एकदम तिच्या डोळ्यांपुढे आलं.

माती ओली होती.

नुसती वरवर नाही. आत बोट जाईल तिथवर गार, ओली, काळी. तिनं बाजूला बघितलं. फरशीवर, खड्ड्यापासून मागच्या दारापर्यंत, मातीचे ठसे वाळून बसले होते. एकावर एक, रोजचे. रबरी चपलांचे. तळव्यावरच्या नक्षीसकट.

पहाटे कॉम्प्युटर बंद असतो. भाचीला उठवायला हाक कुठून मारणार? म्हणून रोज आत्या स्वतःच येत होती, सगळे उठायच्या आधी, आणि कुणाला काही बोलली नव्हती.

*

बाबा वायरमनला सायकलवर डबलसीट घेऊन आले. तो या वेळी शीळ घालत नव्हता. त्यानं बोर्ड उघडला. आतला भाग कोळशासारखा झाला होता आणि हिरवा दिवा कायमचा विझला होता.

“मेला बिचारा,” तो म्हणाला. “पण दार उघडं होतं. चोराला बाहेर काढून मगच मेला.” मग अंगणातल्या ओल्या मातीकडे बघून त्यानं हात जोडून नमस्कार केला, मातीला की आणखी कुणाला, कोण जाणे. “बघितलंत दादा, तुमची आळशी तार? आयुष्यभर काही केलं नाही, आणि आज डोळ्याचं पातं लवायच्या आत केलं.”

बाबांनी हिरव्या तारेवरची धूळ आपल्या रुमालानं पुसली.

“आता यंत्राचं काय ते चालू केल्यावरच कळेल,” वायरमन म्हणाला. त्यानं नवा बोर्ड लावला. मीटर लावून डबा तपासला, पुन्हा तपासला. “पत्रा एकदम थंड. काही नाही.” आणि तो बाजूला झाला.

आत्यानं बटण दाबलं.

पंखा आतल्या आत घुरघुरला. पडदा काळाच राहिला. आईनं भिंगरीचा खांदा घट्ट धरला. मग कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकली, आणि पडदा उजळला.

आत्या लगेच टाइप करायला बसली नाही. आधी तिनं पायातल्या चपला काढल्या. एक, मग दुसरी. अनवाणी पाय तिनं गार फरशीवर टेकले आणि तळहात डब्याच्या पत्र्यावर ठेवला. तिनं डोळे मिटले, उघडले. मग पडद्यावर काहीतरी शोधलं, आणि ते बराच वेळ कापत बसली, मागून थोडं, आणखी थोडं, जसं शिवणारा माणूस बाहीचं जास्तीचं कापड कातरतो.

शेवटी तिनं कळ दाबली.

“भिंगरे, हात लाव.”

तीच घाई, तीच माया. तोच आवाज, त्या काचेच्या खोलीतला, डबा घेऊन आलेल्या लहान मुलीला मारलेला. फक्त शेवटचं तेवढं गेलं होतं.

भिंगरी पुढे झाली. तिच्या पायात काही नव्हतं. तिनं वायरमनकडे बघितलं, त्यानं होकारार्थी मान डोलावली. तिनं बोट पुढे केलं, मागे घेतलं, आणि मग सगळा पंजाच त्या पत्र्यावर ठेवला.

मुंग्या नव्हत्या. फक्त आतल्या पंख्याची बारीक थरथर होती, आणि थोडी ऊब.

मग तिनं काय केलं सांगू? तिनं आत्याच्या त्या निळ्या पट्ट्यांच्या चपला उचलल्या. नळाखाली धरून त्यांच्या तळव्यांची माती बोटानं काढली, आणि दाराबाहेर, सगळ्यांच्या चपलांच्या रांगेत, बाबांच्या आणि आईच्या मध्ये नीट जोडून ठेवल्या. पालथा तांब्या सुलटा करून भरला आणि नळीत ओतला, अगदी सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. माती पीत होती. ती वाकून ऐकत राहिली.

मग तिनं तांब्या पुन्हा नळाखाली धरला.